चिठ्ठीवर एकच नाव

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की आमच्या गावातल्या चांगल्या शहाण्यासुरत्या बायकांची अक्कल गहाण पडते. एरवी बँकेत, दवाखान्यात, शाळेत नीट कामं करणाऱ्या बायका कॉलेजच्या रस्त्यावर गाड्या लावून, एसी चालू ठेवून तासन्‌तास बसतात. आत कुठल्याशा घरात आपल्या पोरीशी कोणी गोड बोललं का, एवढीच चिंता. अठरा-अठरा वर्षांच्या दोन हजार पोरी, अलाबामाचं ऊन, इस्त्रीचे झगे, टाचांना आलेले फोड. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी? तर या भरतीत सोळा भगिनीसंघांपैकी, म्हणजे कॉलेजच्या पोरींनी आपापलं घर थाटून चालवलेल्या मंडळांपैकी, एकाने तरी "ये गं, आजपासून तू आमची बहीण" म्हणावं म्हणून. बहीण म्हणे! सख्ख्या बहिणीचा फोन उचलत नाहीत मेल्या.

मी डोवी लॅसिटर. रो थीटा म्यू नावाच्या भगिनीसंघाच्या घरात गेली चौदा वर्षं गृहमाता आहे. नाव ऐकायला भारदस्त. काम म्हणाल तर मोरी तुंबली की प्लंबर बोलवायचा, रडणाऱ्या पोरीला चहा द्यायचा, आणि आईबाप भेटायला आले की मोत्यांची माळ घालून दारात उभं राहायचं. माझा नवरा गेला तेव्हा घर त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलांनी घेतलं. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या या घराने मला दिल्या. त्या गेल्या तर मला दुसरं छप्पर नाही, हे मला माहीत आहे आणि इथल्या बायकांनाही.

दारातून आत शिरलं की समोरच चौघींचा फोटो लावलाय. या आमच्या संस्थापक. १८९१ साली या कॉलेजात मुलींना वाचनालयात बसू देत नव्हते. मुलांच्या वादसभेत तर दाराशी उभंही करत नव्हते. तेव्हा या चौघी एका टोप्यांच्या दुकानाच्या माडीवर जमल्या, मेणबत्ती लावली आणि शपथ घेतली, की आम्हाला जशी दारं बंद झाली तशी आम्ही कुठल्या मुलीला बंद करणार नाही. शपथ चांगली होती हो. पण पुढे तिचं काय झालं बघा. माडीचं झालं सहा खांबांचं पांढरं घर, एका मेणबत्तीच्या झाल्या चारशे, आणि पोरींना दारातून परत पाठवण्यात आमच्याइतका हात बसलेलं दुसरं घर या राज्यात नाही. आज त्या चौघी स्वतः भरतीला आल्या तर पहिल्याच दुपारी कटतील. एकीचे दात पुढे, एकीचा बाप टोप्या शिवणारा, आणि उरलेल्या दोघींच्या भुवया बघवत नाहीत. पोरी मात्र येता-जाता त्या फोटोला हाताने पापे फेकतात.

पलीकडच्या गल्लीतल्या मुलांच्या बंधुसंघांचं तर नावच नको. नव्या पोरांना रांगायला लावतात, ढुंगणावर फळ्या मारतात, कच्चे कांदे खायला घालतात आणि त्याला बंधुभाव म्हणतात. वीस वर्षांनी त्यातलाच एखादा न्यायाधीश होऊन बसतो. आमच्या पोरी कोणाला मारत नाहीत. त्या नुसत्या हसतात. मला विचाराल तर मार परवडला.

आमच्या घरची मतदानाची एक जुनी रीत आहे. भरतीतल्या एकेका मुलीचं नाव वाचतात. काय बोलायचं ते बोलून झालं की सगळ्या भगिनी माना खाली घालतात, डोळे मिटतात, आणि जिला ती मुलगी नको असेल तिने हात वर करायचा. कोणी कोणाला पाहायचं नाही, म्हणजे उद्या आपसात वाकडं नको. मग हात मोजायचे कोणी? जी भगिनी नाही तिने. म्हणजे मी. आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून अध्यक्ष मुलीच्या हातात द्यायचा आणि विसरून जायचं, कोणापाशी अवाक्षर काढायचं नाही, अशी माझी सही घेतलेली आहे. चौऱ्याऐंशी पोरी डोळे मिटून बसलेल्या आणि उघडे डोळे फक्त माझे. काय काय पाहिलंय या डोळ्यांनी! एका ताटात जेवलेल्या मैत्रिणीच्या नावाला सगळ्यात आधी हात वर करणारी पाहिलीय. चेहरा असा, की चर्चमध्ये प्रार्थना चाललीय.

आता कार्लीन ट्रॅमेल. ही आमच्या घराची सल्लागार. स्वतः माजी भगिनी, हिची आई भगिनी, आजी भगिनी. नवरा दातांचा डॉक्टर. हिच्या गाडीवर संघाची ती तीन ग्रीक अक्षरं, उशांवर अक्षरं, कुत्र्याच्या पट्ट्यावरसुद्धा अक्षरं. केसांवर इतका फवारा मारते की मागच्या वादळात निम्म्या गावाची छपरं उडाली, हिची बट हलली नाही.

पूर्वी आमच्याकडे नियम होता, की भगिनीची मुलगी किंवा नात शेवटच्या मेजवानीपर्यंत पोचली, की यादीत तिचं नाव वरच ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी विनिफ्रेड सेल्सची नात आली. विनिफ्रेड ऐंशीची म्हातारी. एवढ्या माजी भगिनींत माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच. गुरुवारी यायची, माझ्या खोलीत बसून पाय वर करून चहा प्यायची. नात जाडजूड होती आणि मोठ्याने बोलायची. कार्लीनने फोनावर फोन करून तो नियमच उडवला. "गुणवत्ता हवी, वशिला नको," असं भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. वर आणखी एक शेपूट जोडलं, की जिची मुलगी भरतीत असेल तिने मतदानाच्या वेळी घरात थांबायचं नाही. नात कटली. त्यानंतर विनिफ्रेडने या घरात पाऊल टाकलं नाही, आणि माझे गुरुवार गेले ते गेलेच.

आणि यंदा भरतीला आली कार्लीनचीच पोर, मेरिन.

ही पोर माझ्या स्वयंपाकघरात वाढलेली. आईच्या बैठका चालायच्या तेव्हा ही ओट्यावर पाय हलवत बसायची, चीजची बिस्किटं खायची, माझ्याशी पत्ते खेळायची आणि हरायला लागली की राणी मोज्यात लपवायची. मला डोवीमम्मा म्हणायला हिनेच सुरुवात केली, मग सगळं घर म्हणू लागलं. मला मूल नाही. मेरिनला मी माझी म्हणत नव्हते, पण मनात धरत होते.

भरतीचा शेवटचा दिवस असा असतो. प्रत्येक मुलीला दोन घरांत मेजवानी. तिथून उठायचं ते थेट कॉलेजच्या हॉलमध्ये जाऊन चिठ्ठी भरायची, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. दोन्ही नावं लिहिली तर मुलगी दोहोंपैकी एका घरात लागतेच, तसा कॉलेजचा कायदा आहे. पण एकच नाव लिहिलं आणि त्या घराने घेतलं नाही, तर हात हलवत घरी. दरवर्षी कॉलेजवाले कंठशोष करून सांगतात, बायांनो, दोन नावं लिहा. तरी जुन्या घराण्यातल्या आया पोरींना एकच नाव लिहायला लावतात. दुसरं नाव लिहिणं म्हणजे त्यांना आपल्या रक्तावर संशय घेतल्यासारखं वाटतं. कार्लीनच्या आईने एकच लिहिलं होतं, कार्लीननेही एकच. मेरिनला दुसरं बोलावणं होतं ते समोरच्या पिवळ्या घरातून. साधं घर, रंगाचे पोपडे उडालेले, पण पोरी हसत्या-खेळत्या. तिथे मेरिन सगळ्यांना आवडली होती, हे गल्लीभर झालं होतं.

रविवारी सकाळी न्याहारीनंतर आमच्या जेवणघराचे पडदे ओढले. कार्लीन नियमाप्रमाणे बाहेर. अध्यक्ष टॅटम, गोरीपान, नाकीडोळी नीटस, जिभेला हाड नाही, तिने नाव वाचलं, "मेरिन ट्रॅमेल."

"मंगळवारी मेणबत्तीच्या गाण्याला ती हसली," एक जण म्हणाली.

"मला विचारते, तुम्ही रोजच अशा किंचाळता का, की आजच?"

"उन्हाळाभर मामाच्या हॉटेलात मासे तळत होती. डोक्याला जाळी लावून! मी डोळ्यांनी पाहिलंय."

"ईऽऽ!"

"मुलगी तशी बरी आहे गं," टॅटम म्हणाली. "पण आई? आपण आल्यापासून डोक्यावर मिरी वाटतेय. कुठला झगा घाला, नखं केवढी ठेवा, कुठल्या मुलाबरोबर दिसू नका. पोरगी आत आली तर ही बाई उशी घेऊन राहायलाच येईल."

हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "एकदा तिला 'नाही' ऐकू दे. कसं लागतं ते कळू दे."

मग माना खाली गेल्या आणि हात वर आले. मी दोनदा मोजले. बावन्न. चिटोरा टॅटमच्या हातात दिला. जितके हात जास्त तितकं नाव यादीत खाली; जागा साठ, आणि मेरिनचा नंबर लागला एकशे नववा. मेजवानीची बोलावणी आधीच गेली होती, म्हणून ती दुपारी येणार, गाणं ऐकणार, लिंबाची वडी खाणार आणि जाणार. बस. यादी तासाभरात कॉलेजात पोचती झाली.

मला संताप संताप झाला. दात आईवर आणि चावा पोरीला! काय ही माणसं, म्हटलं, आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आले.

तिथे ऑर्विल वड्या कापत होता. ऑर्विल आमचा आचारी. माझ्याआधीपासूनचा.

"तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं? कोणाला उडवलं?"

"मला बोलायची बंदी आहे, माहितीय ना?"

"आपल्या मेरिनला?"

मी पाण्याचा नळ सोडला. त्याने सुरी खाली ठेवली.

"अरे देवा. आणि तिची आई तिला एकच नाव लिहायला लावणार. सगळ्या गावाला सांगत फिरतेय."

"सही आहे माझी, ऑर्विल. बोलले तर उद्या माझी पेटी फुटपाथवर."

"काय बोलायचंय एवढं? 'पोरी, दोन नावं लिही.' कॉलेजवालेही हेच सांगतात. यात कुठलं गुपित फुटलं?"

खरं होतं त्याचं. त्या क्षणी मला पटलंही होतं. मेरिन दिसली की सांगायचं, असं मी ठरवलं, हे मी शपथेवर सांगते.

बाराच्या सुमाराला कार्लीन आली. पांढरा सूट, पांढरे बूट, छातीवर तीन पिढ्यांच्या संघाच्या तीन पिना. स्वयंपाकघरात ती कधी शिरत नाही, दाराच्या चौकटीत उभी राहून बोलते, जसा काही तेलाचा वास अंगावर येऊन चावेल.

"मिसेस लॅसिटर, आज दुपारी तुम्ही पुढच्या दारात उभ्या राहू नका हं. शेवटचा दिवस आहे. दारात फक्त भगिनी बऱ्या दिसतात."

"चौदा वर्षं उभी राहतेय मी तिथे."

"म्हणून तर म्हणते, आज जरा बसा." ती हसली. "मेरिनचा हात धरून मी तिला आत आणणार आहे. माझ्या आईने मला आणलं होतं तसं. एकच नाव लिही म्हणून बजावलंय तिला. दोन-दोन नावं लिहिणाऱ्या मुली म्हणजे, तुम्हाला सांगायला नको, ज्यांना कुठेही चालतं अशा."

"आणि इथे नाहीच लागलं तर?" मी विचारलं. विचारलं हं मी. नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलंय, की विचारलं होतं.

तिने माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं, की मी घरातली जुनी खुर्ची आणि अचानक बोलायला लागले. "डोवी, हे घर कसं चालतं ते आम्ही बघतो. तुम्ही सँडविचं बघा."

बघते, म्हटलं मनात. आता तूच बघ. उद्या दुपारी सगळ्या गावासमोर हिरवळीवर फुगे घेऊन उभी राहा आणि बघ पोर येते का. तुझाच नियम, तुझंच शेपूट. मला विनिफ्रेड आठवली. आणि खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं. सूड इतका गोड लागतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

दोन वाजता मेजवानी झाली. मी जिन्याखाली उभी राहून पाहिलं. पांढऱ्या झग्यातल्या पोरी, दिवे मालवलेले, मेणबत्त्या, आणि टॅटम डोळ्यांत पाणी आणून म्हणतेय, "या घरात तुला कधीच एकटं वाटणार नाही." सकाळी हीच मासे तळण्यावर हसत होती. एकेका पोरीच्या कानात गोड गोड बोलत सगळ्या फिरल्या. त्यांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक होतं, की ही आपल्याला घ्यायचीच नाही. मेरिन या वेळी हसली नाही. तिची आई तिचा हात धरून रडत होती, आणि पोर आईच्या तोंडाकडेच बघत होती.

साडेतीनला स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर टकटक झाली. मेरिन. सँडल हातात, पायांना पट्ट्या.

"अगं, वेडी का तू? भरतीतल्या मुलीने मागच्या दाराने यायचं नसतं. कोणी बघितलं तर?"

"दोन मिनिटं, डोवीमम्मा. पाणी दे." ती घटाघटा प्यायली. "चार वाजता पिवळ्या घरात जायचंय. मला तिथे बरं वाटतं गं. काल एकीने माझ्या झग्यावर सगळा चहा सांडला, आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की बाकीच्या बघायला आल्या. पण तू आईला बघितलंस ना आज? मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. इथलं नाव मी पहिलं लिहिणारच. तिच्यासाठी."

"मग?"

"दुसरं लिहू का? तिला न सांगता? इथे घेतलं तर तिला कधी कळणारसुद्धा नाही. नाही घेतलं तर निदान..." ती थांबली. "तू हात मोजतेस. मला आकडा सांगू नकोस, तुझी सही आहे, मला माहितीय. एवढंच सांग, दुसरं नाव लिहू की नको? तू म्हणशील ते करते."

ऑर्विलने सुरी हातात तशीच धरून ठेवली होती. माझ्या तोंडात शब्द होता. 'लिही.' एवढंच म्हणायचं होतं. पुढच्या दालनातून कार्लीनचं हसणं आलं, तिचं ते घंटी वाजवल्यासारखं हसणं, आणि कोणाला तरी ती सांगत होती, "चार पिढ्या! उद्या आमच्या चार पिढ्या पूर्ण होतात!"

"आई सांगते तसं कर," मी म्हटलं. "तिला जास्त कळतं."

मेरिनने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला, परीक्षा संपल्यावर होतो तसा. "घेतलंय मला," ती पुटपुटली. "नाहीतर तू असं म्हणाली नसतीस." माझ्या गालाचा पापा घेतला आणि सँडल हातात घेऊनच पळाली.

"डोवी," ऑर्विल म्हणाला, "हे काय केलंस?"

"नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, असलं झालं हे."

 मेरिन पाच वाजेपर्यंत पिवळ्या घरात होती, चिठ्ठी त्यानंतर भरायची होती. रस्ता ओलांडून पिवळ्या घराच्या फाटकापर्यंत जायला एक मिनिट लागतं. मी चांदीचे चमचे पुसत बसले. एकदा उठून मागच्या दारापर्यंत गेलेही. मग मनात आलं, उद्या कार्लीन त्या हिरवळीवर कशी दिसेल, आणि परत येऊन बसले. पाचचे ठोके पडले तेव्हा चमचे दोनदा पुसून झाले होते.

सोमवारी सकाळी कॉलेजातून फोन जातात. ज्या मुलीला कुठेच जागा नाही तिला नऊ वाजता कळवतात, म्हणजे दुपारी मैदानात सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभं राहायला नको. केवढी ती दया! बाकीच्या मुली दुपारी मैदानात पाकिटं फोडतात आणि आपापल्या घराकडे पळत सुटतात. त्या पळण्याचे फोटो निघतात, बँड वाजतो, बाप लोक रडतात. लढाई जिंकून आलेल्या फौजेचंही इतकं कौतुक होत नसेल.

मेरिनने आईला सकाळी अकरा वेळा फोन केला, हे मला नंतर कळलं. कार्लीनने उचलला नाही. ती फुगे बांधत होती.

मी वरच्या खिडकीत जागा धरली होती. नाटकाला बसावं तशी बसले होते. दोन वाजता पहिली पोर धावत आली, आमच्या पोरींनी तिला उचलून घेतलं. मग दुसरी, मग घोळका. कार्लीन हातात मोठा सोनेरी फुगा घेऊन टाचा उंचावत होती. प्रत्येक पोर आली की तिचे डोळे पुढच्या पोरीवर. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. शेवटची एक धापा टाकत आली, आणि मग रस्ता रिकामा झाला. कार्लीन त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. मग ती टॅटमकडे वळून काहीतरी बोलली. टॅटमने डोकं एका बाजूला कलवून, गोड आवाजात उत्तर दिलं. मला वर ऐकू आलं. "आम्ही गुणवत्ता बघतो ना, मिसेस ट्रॅमेल. तुम्हीच शिकवलंत."

आता कोसळते, म्हटलं. मी चक्क काचेला नाक लावलं.

कुठली कोसळते! तिने श्वास घेतला, हसली, हातातला फुगा शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याशा पोरीला दिला, तिला मिठी मारली आणि संघाचं गाणं म्हणायला लागली. सगळ्यांच्या वर तिचा आवाज.

पाच मिनिटांनी ती स्वयंपाकघरात आली. चौकटीत थांबली नाही, आत आली. ऑर्विल बाहेर निघून गेला.

"तुम्ही मोजलेत," ती म्हणाली.

"हो."

"किती होते?"

"सांगता येत नाही मला."

तिचा खालचा ओठ हलला, आणि मी वाट बघत राहिले. तिने ओट्यावरचा पेला घेऊन दोन घोट पाणी प्यायलं. "बरोबर," ती म्हणाली. "अगदी बरोबर. काल माझ्याशी बोलतानाही तुम्ही काही दाखवलं नाहीत. म्हणूनच तुम्हाला ठेवलंय आम्ही. चला, बाहेर या. नव्या मुलींना तुम्ही दिसायला हव्यात."

मेरिन कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. फुग्याची दोरी बोटाला गुंडाळलेली राहिली होती, ती सोडवली, केसांना हात लावला आणि गेली. मला वाटलं होतं हिची जिरेल. हिची काय जिरणार? हिच्याकडे जिरवायला काही शिल्लकच नव्हतं. जे काही व्हायचं ते दुसरीकडेच झालं होतं.

मी कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले, तर मेरिनची गाडी तिथेच उभी. मागच्या सीटवर गादी, दिवा, खोलीसाठी घेतलेल्या नव्या चादरी. कॉलेजात दोन आठवडेही झाले नव्हते पोरीला.

"निघालीस?"

"मामाकडे. पुढच्या वर्षी बघीन दुसरीकडे कुठे." डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता. "मी एकच नाव लिहिलं."

"माहीत आहे."

"मी आले तेव्हा तुझं मोजून झालं होतं ना? मतदान सकाळी असतं. मी सकाळपासून विचार करतेय, दुपारी असेल, संध्याकाळी असेल. पण सकाळीच असतं ना?"

"सकाळी."

"सहीमुळे बोलली नाहीस? खोल्या जातील म्हणून?"

किती छान सबब तिने माझ्या हातात आणून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती, मला माहीत आहे ती पोर.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईसाठी. चारचौघांत तिचं नाक कापलं जावं म्हणून."

 पुढून गाण्याचा आवाज येत होता.

"मी सगळं गाव सोडून तुला विचारायला आले," मेरिन म्हणाली, "कारण तू या सगळ्यांना हसतेस. मला वाटायचं, तू त्यांच्यातली नाहीस."

तिने गाडी सुरू केली, मागे घेतली, आणि नीट दोन्ही बाजू बघून रस्त्याला लागली. मी कचऱ्याची पिशवी डब्यात टाकली.

"डोवीमम्माऽ!" टॅटम मागच्या अंगणातून धावत आली. तिने माझ्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. "सगळ्या थांबल्यात तुमच्यासाठी! फोटो काढायचाय, चला ना!"

मला हाताला धरून पुढे नेलं. खांबांसमोर दीडशे पोरी उभ्या होत्या, मधोमध माझ्यासाठी जागा ठेवलेली. शेजारी कार्लीन होती. तिने माझ्या कमरेत हात घातला, मी तिच्या खांद्यावर ठेवला. समोरून कोणीतरी "हसा" म्हणून ओरडलं आणि आम्ही सगळ्या हसलो.